गोलरक्षकाचा गुरू

गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ, हेमलकसा नावाचे एक लहानसे गाव आहे. सभोवार साग, ऐन, मोह आणि बांबू यांचे दाट अरण्य. जवळच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. या अरण्यात १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली तेथे माडिया मुलामुलींसाठी निवासी शाळा निघाली.

समजा, या शाळेच्या पटांगणावर एके दिवशी फुटबॉलचा सामना ठरला. गोलाचे खांब कोठून आणावयाचे, हा प्रश्न तेथे पडणार नाही. दोन बांबू जमिनीत रोवावयाचे, त्यांच्या डोक्यावर तिसरा आडवा बांधावयाचा, की झाला गोल! खरी अडचण पुढेच आहे. त्या दोन बांबूंच्या मध्ये उभे कोणी राहावयाचे? मुलांनो, तुम्ही हा खेळ कधी खेळला असाल, तर काय घडते ते तुम्हांस ठाऊकच असेल. प्रत्येकाला पुढे धावून गोल मारावयाचा असतो. मग जो सर्वांत लहान, जो धावण्यात मागे पडतो, किंवा जो शाळेत नुकताच आला आहे, त्यालाच सारे मिळून म्हणतात, “तू गोलात उभा राहा.” बिचारा उभा राहतो. चेंडू आत गेला, की मात्र सर्वांची बोटे त्याच्याकडेच वळतात.

सर्वांत अवघड काम सर्वांत दुबळ्या गड्याकडे सोपवण्याची ही रीत विलक्षणच म्हटली पाहिजे. ते काम अवघड का, हे थोडे मोजून पाहू.

नियमाप्रमाणे गोलाच्या दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर असते आणि आडवा दांडा जमिनीपासून २.४४ मीटर उंच असतो. जुन्या मापाने सांगावयाचे, तर २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असा हा दरवाजा होय. चांगल्या उंच माणसाने दोन्ही हात पसरले, तरी त्याचा विस्तार सहा फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे दरवाजाचा चौथा हिस्सा! उरलेले तीन हिस्से उघडेच. त्यातून पेनल्टीचा फटका केवळ ११ मीटर अंतरावरून मारला जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने निघालेल्या चेंडूला हे अंतर तोडण्यास एका सेकंदाचा सुमारे दोन पंचमांश भाग पुरतो. डोळ्यांनी चेंडू पाहावयाचा, कोणत्या बाजूस झेप घ्यावयाची ते मनाने ठरवावयाचे आणि मग शरीराने तेथवर पोहोचावयाचे, एवढे सारे त्या अवधीत होणे जवळजवळ अशक्यच. म्हणून जाणता गोलरक्षक चेंडूकडे पाहण्यापूर्वी फटका मारणाऱ्याचे पाऊल, त्याची कंबर आणि त्याच्या धावण्याची दिशा पाहून आधीच अंदाज बांधतो.

दुसरी युक्ती जागेची. ती समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहा. रात्री कंदिलापुढे हात धरा आणि भिंतीवरची सावली पाहा. हात भिंतीजवळ असला, तर सावली हाताएवढीच पडते. तोच हात कंदिलाकडे नेत गेलात, की सावली वाढत वाढत सारी भिंत झाकून टाकते. चेंडू हा कंदील, गोल ही भिंत आणि गोलरक्षक हा हात आहे, असे समजा. तो रेषेवरच खिळून राहिला, तर फारच थोडा गोल झाकतो. चेंडूच्या दिशेने चार पावले पुढे आला, तर पुष्कळ झाकतो. मात्र फार पुढे आला, की चेंडू त्याच्या डोक्यावरून आत जावयाचा! किती पुढे यावयाचे, हेच तर शिकावे लागते. चेंडू बाजूने येत असेल, तर आणखी एक पेच पडतो. खेळाडू सरळ गोलात मारील, की समोर धावत येणाऱ्या सोबत्याकडे चेंडू फेकील? सोबत्याकडे फेकील असे मानून गोलरक्षक मध्याकडे सरकला, तर जवळच्या खांबापाशी फट पडते. खांबाला चिकटून राहिला, तर मधला मोठा भाग मोकळा पडतो.

या एवढ्याशा फटीने एका माणसाचे सारे आयुष्य झाकोळून टाकले. १६ जुलै १९५० रोजी ब्राझील देशातील रिओ दि जानेरो शहरी माराकाना मैदानावर जागतिक स्पर्धेचा निर्णायक सामना होता. सुमारे दोन लाख लोक जमले होते. ब्राझीलला केवळ बरोबरी पुरणार होती आणि गुण समसमान होतेही. खेळ संपण्यास दहा-अकरा मिनिटे उरली असता उरुग्वेचा गिज्जा उजव्या बाजूने चेंडू घेऊन आला. थोड्याच वेळापूर्वी त्याने असेच येऊन सोबत्याकडे चेंडू दिला होता आणि गोल झाला होता. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याने या खेपेसही तसेच होईल असा अंदाज केला व तो किंचित मध्याकडे सरकला. गिज्जाने मात्र सरळ फटका मारला. चेंडू बार्बोझा आणि जवळचा खांब यांच्यामधून आत गेला. ब्राझील हरले.

बार्बोझाचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. जे एकदा घडले ते पुन्हा घडेल, असे कोणालाही वाटले असते. पण लोकांनी तो विचार केला नाही. अकरा खेळाडूंच्या पराभवाचे ओझे त्यांनी एकट्याच्या माथी मारले आणि बार्बोझा २००० साली मरण पावेपर्यंत ते उतरवले नाही. माझ्या देशात कोणत्याही गुन्ह्यास जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा आहे, मला मात्र पन्नास वर्षे भोगावी लागली, अशा अर्थाचे उद्गार त्याने उतारवयात काढले होते.

आता दुसरी हकीकत ऐका. इंग्लंडमध्ये बॉब विल्सन या नावाचे एक व्यायामशिक्षक होते. लफबरो येथील महाविद्यालयात ते शिकले आणि लंडनच्या एका शाळेत मुलांना शिकवीत असतानाच आर्सेनल या नामांकित संघाकडून हौशी गोलरक्षक म्हणून खेळू लागले. ८ मे १९७१ रोजी इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ते गोलात उभे होते. जादा वेळेचा खेळ सुरू होताच प्रतिस्पर्धी लिव्हरपूल संघाचा एक खेळाडू डाव्या बाजूने आला. विल्सन यांनी जवळच्या खांबापाशी फट ठेवली आणि चेंडू त्या फटीतून आत गेला. चूक जवळजवळ बार्बोझाचीच! परंतु त्यांच्या सोबत्यांनी पुढे दोन गोल केले, आर्सेनलने चषक जिंकला आणि ती फट लोक विसरून गेले.

विल्सन मात्र ती विसरले नसावेत. १९७४ साली त्यांनी खेळणे थांबवले. पुढे दूरचित्रवाणीवर खेळांचे कार्यक्रम सादर करणे हा त्यांचा व्यवसाय झाला. पण त्याच्या जोडीने सुमारे पाव शतकभर त्यांनी आर्सेनलच्या गोलरक्षकांना शिकवले. पॅट जेनिंग्ज, जॉन ल्यूकिक, डेव्हिड सीमन असे मोठमोठे गोलरक्षक त्यांच्या हाताखाली सराव करीत. गोलरक्षकासाठी वेगळा शिक्षक नेमावा, ही कल्पनाच तोवर रूढ नव्हती. सराव म्हणजे काय, तर सर्वांनी मिळून गोलावर फटके मारावयाचे आणि एकट्याने ते झेलीत राहावयाचे. त्यात फटके मारणाऱ्यांचा सराव होई. झेलणारा नुसता दमून जाई. त्याचे पाऊल कोठे चुकले, हात उशिरा का उठला, हे पाहण्यास कोणीच नसे. इंग्लंडमध्ये ही उणीव भरून काढणाऱ्या पहिल्या काही शिक्षकांत विल्सन यांची गणना होते.

हा व्यवसाय महाविद्यालयांच्या मैदानांवर सर्वांत अधिक फोफावला तो अमेरिकेत. तिकडे आपल्या फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव त्यांनी दुसऱ्याच एका खेळाला देऊन टाकले आहे. तेथील मोठ्या महाविद्यालयांच्या संघांना मुख्य प्रशिक्षक असतो, त्याचे साहाय्यक असतात आणि त्यांतील एकाकडे बहुधा केवळ गोलरक्षक सोपवलेले असतात. हा मनुष्य पूर्वी स्वतः गोलरक्षक म्हणून खेळलेला असतो. आरंभी त्याला अल्प वेतनावर, कधी तर वेतनावाचूनही काम करावे लागते. उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी मुलांची शिबिरे घेऊन तो चार पैसे जोडतो. नाव झाले, की लहान महाविद्यालयातून मोठ्या महाविद्यालयात जातो.

त्याच्या कामातील कठीण भाग कोणता, असे विचाराल, तर तो झेप घ्यावयास शिकवणे हा नव्हे. संघात तीन-चार गोलरक्षक असतात आणि सामन्यात खेळतो एकच. पुढे धावणारा खेळाडू दमला, तर त्याच्या जागी दुसरा येतो. गोलरक्षक सहसा बदलत नाही. त्यामुळे रोज पहाटे उठून तितकाच घाम गाळणारी दोन-तीन मुले साऱ्या हंगामात बाकावरच बसून राहतात. त्यांचा उत्साह टिकवावयाचा, खेळणाऱ्याला गर्व होऊ द्यावयाचा नाही आणि बसणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी मत्सर शिरू द्यावयाचा नाही, हे सारे त्या एका शिक्षकाला सांभाळावे लागते. बरे, एवढे करून मुले हाताशी आली, की त्यांचे शिक्षण पुरे होते आणि ती निघून जातात. शिक्षक मागे राहतो. नव्या मुलांना पहिल्यापासून शिकवू लागतो.

अशा शिक्षकांपैकी जिम रूडी हे एक होत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे ते १९८८ पासून दोन दशकांहून अधिक काळ मुख्य प्रशिक्षक होते आणि गोलरक्षक घडवण्यात त्यांचा विशेष हातखंडा होता. त्यांच्याकडे ब्रियाना स्करी नावाची एक मुलगी आली. ब्रियाना बारा वर्षांची असताना मुलांच्या संघात खेळू लागली होती. संघात ती एकटीच मुलगी. तेव्हा तिला इजा होऊ नये म्हणून तेथील प्रशिक्षकाने तिला सर्वांत सुरक्षित अशा जागी, म्हणजे गोलात, उभे केले! गोलाची जागा सुरक्षित असते, असे त्या भल्या माणसास का वाटले, कोण जाणे. पण हेमलकशाच्या पटांगणावर आपण कल्पिलेल्या त्या लहान गड्याप्रमाणेच तीही स्वतःच्या निवडीने तेथे उभी राहिली नव्हती, हे ध्यानात घ्या. रूडी यांच्या हाताखाली ती इतकी तयार झाली, की १९९३ साली तिचे विद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले आणि पुढे तिची अमेरिकेच्या संघात निवड झाली.

तेथे तिला दुसरा गुरू भेटला. टोनी डिचिको हे स्वतः स्प्रिंगफील्ड महाविद्यालयाचे जुने गोलरक्षक. १९८२ साली त्यांनी केवळ गोलरक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली होती. १९९१ साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेने जिंकली, तेव्हा त्या संघाच्या गोलरक्षकांना तेच शिकवीत होते. १९९४ साली ते साऱ्या संघाचेच मुख्य प्रशिक्षक झाले. गोलरक्षकांचा शिक्षक आणि त्याने साऱ्या संघाची धुरा वाहावयाची, हे तेव्हा क्वचितच घडे. चुका मोजीत बसण्यापेक्षा खेळाडू बरोबर करीत असेल त्या क्षणी त्याला तसे सांगावे, ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती. हे वाटते तितके सोपे नाही. चूक सर्वांनाच दिसते, पण बरोबर टाकलेले पाऊल दिसण्यास जाणकाराची नजर लागते.

१० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियात अमेरिका आणि चीन यांचा अंतिम सामना झाला. नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक होते. दोन तास खेळ होऊनही एकही गोल झाला नाही, तेव्हा पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल ठरला. चीनचा तिसरा फटका ल्यू यिंग हिने मारला. ब्रियानाने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू हातांनी बाजूस लोटला. अमेरिकेचे पाचही फटके आत गेले आणि सामना जिंकला गेला. फटका बसण्यापूर्वीच ती रेषा सोडून पुढे आली होती, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. नियमाच्या अक्षराला धरून पाहिल्यास त्या आक्षेपात तथ्य होते. पंचांनी मात्र तो फटका पुन्हा घ्यावयास सांगितले नाही. पुढे येण्याचा लाभ काय, हे तुम्ही कंदिलाच्या प्रयोगात पाहिलेच आहे. आजचा नियम असा, की फटका बसेपर्यंत गोलरक्षकाच्या निदान एका पावलाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या बरोबर वर किंवा रेषेच्या मागे असलाच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात केवळ गोलरक्षकांसाठी शिक्षक नेमणारी महाविद्यालये विरळाच. आपल्याकडील क्रीडाशिक्षक सकाळी कबड्डी शिकवतो, दुपारी उंच उडीचा खड्डा खणून घेतो आणि सायंकाळी फुटबॉलची शिट्टी वाजवतो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील विजय बारसे हे असेच क्रीडाशिक्षक होते. एकदा पावसात झोपडपट्टीतील काही मुले एक फुटकी बादली लाथाडीत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्या मुलांच्या हाती त्यांनी फुटबॉल दिला. त्यातूनच २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉलचे मोठे काम नागपुरात उभे राहिले आणि तेथील मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचली. त्या स्पर्धेत एका बाजूला चारच गडी असतात, तीन खेळणारे आणि एक गोलरक्षक. मैदान लहान, चेंडू क्षणोक्षणी गोलाकडे येतो. तेव्हा गोलरक्षकाला उसंत म्हणून मिळत नाही.

गोमंतकातील ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचेही नाव येथे सांगितले पाहिजे. भारतीय संघाचे हे गोलरक्षक १९८३ ते १९८६ या काळात संघाचे कर्णधारही होते. त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री हा किताब मिळाला. गोलात उभा राहणारा गडी संघाचा नायक होऊ शकतो, हे आपल्या शेजारच्याच एका गावाने दाखवून दिले आहे.

आता पुन्हा त्या दोन बांबूंकडे येऊ. तुमच्या शाळेत गोलरक्षकाचा वेगळा शिक्षक नसेल. तरी तो असता, तर पहिल्या दिवशी त्याने काय शिकवले असते, हे सांगता येईल. पहिला धडा झेलण्याचा नसून पडण्याचा असतो. मऊ जागा पाहावी. नदीकाठची कोरडी वाळू असेल तर उत्तमच. आरंभी पाय पसरून जमिनीवर बसावे आणि सोबत्याने अलगद फेकलेला चेंडू बाजूस कलून धरावा. ते अंगवळणी पडले, की गुडघ्यांवर बसून तेच करावे. मग उकिडवे बसून. आणि सर्वांत शेवटी उभे राहून. पडताना पोटावर किंवा कोपरावर पडू नये. मांडीची बाजू, कंबर आणि खांदा या क्रमाने जमिनीस टेकावे, म्हणजे आघात वाटला जातो आणि इजा होत नाही. चेंडू झेलताना दोन्ही अंगठे एकमेकांजवळ आणून बोटे चेंडूमागे पसरावी; अंगठ्यांमध्ये अंतर पडले, तर चेंडू मधून निसटतो. आणि चेंडू धरल्याबरोबर तो छातीशी घट्ट आवळून घ्यावा.

चेंडू निसटून आत गेला, तर शिक्षक एवढेच करतो. तो जाऊन चेंडू घेऊन येतो, गोलरक्षकाला विचारतो, “तू कोठे उभा होतास?”, आणि उत्तर मिळाल्यावर तोच फटका त्याच जागेवरून पुन्हा मारतो.